बिष्णुपूर नीट कसं बघावं? (टेराकोटा देवळं, दशावतारी तास म्हणजे पत्ते, पांचमुड्याचे घोडे आणि बर्गींच्या म्हणजे मराठा स्वारांच्या खुणा)

गोदाकाठ
कोलकात्याला जाणारी आपली मंडळी व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर करून परततात आणि वेळ उरलाच तर बिष्णुपूर "एका दिवसात उरकतात". हा धागा त्या उरकण्याविरुद्ध आहे. बांकुडा जिल्ह्यातलं हे मल्ल राजांचं गाव दोन मुक्काम मागतं. एक दिवस देवळांना, एक कारागिरांना.

देवळांचा क्रम असा ठेवा. आधी रासमंच (साधारण १६००, राजा वीर हंबीर). पुरातत्त्व खात्याचं तिकीट इथेच काढायचं, तेच श्यामराय आणि जोडबांगला इथे चालतं, म्हणून फाडून टाकू नका. रासमंचाला नेहमीच्या अर्थाने गाभारा नाही. रासोत्सवात गावातल्या सगळ्या देवळांमधल्या मूर्ती इथे आणून मांडायच्या, त्यासाठी मधल्या खोलीभोवती कमानींच्या ओवऱ्या आहेत. १९३२ पर्यंत हा उत्सव इथे होत असे. वर पायऱ्यापायऱ्यांचं शिखर, खाली जांभ्याचा चौथरा. शिल्पं फारशी नाहीत, त्यामुळे अर्धा तास पुरतो.

नंतर श्यामराय (१६४३), जोडबांगला (१६५५), लालजी (१६५८), राधेश्याम (१७५८) आणि शेवटी मदनमोहन (१६९४). पहिली दोन रघुनाथ सिंहाची, मदनमोहन दुर्जन सिंहाचं. श्यामरायला निदान दीड तास द्या. चारही बाजूंना तीन-तीन कमानी, वर पाच शिखरं आणि ओवरीच्या आतल्या भिंतीसुद्धा शिल्पांनी भरलेल्या आहेत. बहुतेक लोक बाहेरून फोटो काढून निघतात.

जाणकारांनी भर घालावी.

बालीगंजकर
यादी बरोबर, पण प्रवासाचं आधी सांगायला हवं. मुंबई, नागपूर, पुण्याहून येणाऱ्यांनी कोलकात्यापर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. गीतांजली आणि आझाद हिंद दोन्ही खरगपूरला थांबतात. बिष्णुपूर खरगपूर-आद्रा मार्गावर आहे, मेदिनीपूर आणि गडबेता ओलांडलं की आलंच. खरगपूरहून साधारण दोन तास.

कोलकात्याहून जाणार असाल तर रूपसी बांगला किंवा आरण्यक एक्स्प्रेस. इथे लोक हमखास फसतात ते सुटण्याच्या स्टेशनात. हावडा, सांत्रागाछी आणि शालिमार ही तीन वेगळी स्टेशनं आहेत आणि सकाळच्या गर्दीत एकातून दुसऱ्यात जायला तास सहज मोडतो. या मार्गावरच्या गाड्यांची स्टेशनं बदलत आली आहेत, म्हणून जुन्या ब्लॉगवर विसंबू नका, तिकिटावर छापलेलं नाव वाचा. रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर.

गावात टोटो (बॅटरीवरची रिक्षा) दिवसभरासाठी ठरवा. ठरवतानाच देवळांची नावं एकेक करून सांगा, नाहीतर तो तुम्हाला चार देवळं आणि तीन साड्यांची दुकानं दाखवून मोकळा होईल.

ऋतू: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हा रुक्ष, लाल मातीचा राढ प्रदेश आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि देवळांच्या आवारात सावली नसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिष्णुपूर मेळा असतो. तेव्हा ध्रुपदाचं बिष्णुपूर घराणं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त, पण खोल्या खूप आधी भरतात. पर्यटन महामंडळाच्या निवासाचं आरक्षण सगळ्यात आधी बघा.

जांभा
देवळं "वाचायची" कशी त्याबद्दल.

मुळात वीट का? बंगालच्या गाळाच्या सपाटीवर दगड नाही. बांकुड्यात आहे तो जांभा, आपल्या कोकणातले चिरे. त्याला छिद्रं इतकी की बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून लालजी आणि राधेश्याम ही जांभ्याची देवळं बघताना टेराकोटा शोधू नका. तिथे दगडावर चुन्याचा गिलावा देऊन त्यात नक्षी केली होती. बरीच पडून गेली, उरलेली राधेश्यामवर चांगली दिसते. श्यामराय, जोडबांगला, मदनमोहन ही विटांची. तिथे मातीची पट्टी ओली असतानाच कोरायची, मग भाजायची आणि चुना-सुरखीत बसवायची. एक मोठं दृश्य दहा-वीस तुकड्यांत कोरलेलं असतं. भट्टीत प्रत्येक तुकडा थोडा आकसतो, त्यामुळे सांधे जुळणं हीच खरी परीक्षा. श्यामरायचं गोल रासमंडल जवळून बघा, सांधे शोधावे लागतात.

छताची वक्र कड म्हणजे बांबूच्या झोपडीचं छप्पर विटेत आणलेलं. धो-धो पावसात पाणी दोन्ही टोकांना पळावं म्हणून मधला भाग उंच. दोन उतारांचं दोचाला, चार उतारांचं चारचाला. दोन दोचाला झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या की जोडबांगला; पुढची ओवरी, मागची गाभारा. वर शिखर आलं की त्याला रत्न म्हणायचं: मदनमोहन एकरत्न, श्यामराय पंचरत्न.

भिंत खालून वर बघा. पायथ्याच्या पट्ट्यांत माणसांचा संसार: शिकार, पालख्या, शिपायांनी भरलेल्या नावा, मिरवणुका. त्याच्या वर कृष्णलीला. कमानींच्या डोक्यावर मोठी दृश्यं, लंकेतलं युद्ध किंवा रास. कडेच्या उभ्या चौकटींत अवतार आणि नर्तक. जोडबांगलावर शरपंजरी पडलेला भीष्म आहे, तो शोधायला मुलांना लावा. मदनमोहनच्या पायथ्याला पशुपक्ष्यांच्या ओळी आहेत आणि त्यातले हंस एकसारखे नाहीत.

प्रकाशाचं: डोक्यावरच्या उन्हात शिल्पं सपाट दिसतात. पूर्वेची भिंत सकाळी थोडं ऊन चढल्यावर, पश्चिमेची चारनंतर, म्हणजे किरण भिंतीला घासून जातात आणि खोली उठते. ओवरीच्या आत मोबाइलची बॅटरी शिल्पावर सरळ मारण्यापेक्षा भिंतीलगत आडवी धरा.

आणि हात लावू नका. जमिनीतला ओलावा विटेत चढतो, त्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन भाजलेली साल सुटी करतात. ती साल बोटानेही निघते. सपाट विटांचे चौकोन दिसतात तिथल्या मूळ पट्ट्या गेलेल्या आहेत.

गोदाकाठ
@जांभा, वा! शिलालेखांचं राहिलं. मंदिरांवर मल्लाब्द, म्हणजे मल्ल राजांचा शक असतो. त्यात ६९४ मिळवले की इसवी सन. श्यामराय ९४९ म्हणजे १६४३, जोडबांगला ९६१ म्हणजे १६५५, मदनमोहन बरोबर १०००. लिपी बंगाली असली तरी भाषा संस्कृत आहे, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला दोन-चार अक्षरं शिकून बरंच लागतं.

ताईसाहेब_नागपूर
दलमादल तोफेबद्दल कुणी लिहिणार आहे की आम्ही नागपूरकरांनीच लिहायचं? ;)

लिहितेच. तोफ साधारण ३.८ मीटर लांब, लोखंडी कडी एकमेकांना जोडून घडवलेली. ओतीव नाही. उघड्यावर चौथऱ्यावर आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरलं, तेव्हा बिष्णुपूरवरही चाल झाली. गावाची श्रद्धा अशी की राजा गोपाल सिंहाने लढण्याऐवजी सगळ्यांना नामसंकीर्तनाला बसवलं आणि मदनमोहनाने स्वतः येऊन ही तोफ डागली. गाइड ही कथा रंगवून सांगतात. आपण मराठी आहोत हे कळलं की आणखी रंगवतात. चेष्टेपलीकडे काही नसतं, पण एक भान ठेवावं: बर्गी म्हणजे तिथे अंगाईगीतात मुलांना भीती घालायला येणारे लोक. चौथ वसुलीच्या नावाखाली दहा वर्षं गावं जाळली गेली, ते नाकारून वाद घालण्यात अर्थ नाही.

याच धाग्यातल्या बाकी खुणा:
दाँईहाट (काटोयाजवळ): सप्टेंबर १७४२ मध्ये भास्कररामांनी इथे दुर्गापूजा मांडली होती. पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने छापा घातला.
मानकरा (बहरमपूरजवळ): ३१ मार्च १७४४ ला तहाच्या बोलणीला बोलावून अलीवर्दीने त्यांना आणि सरदारांना मारलं. शेवटी १७५१ च्या तहात ओडिशा आणि सालाना बारा लाखांची चौथ रघूजी भोसल्यांना मिळाली.
कोलकाता: बर्गींच्या भीतीने १७४२ मध्ये खणलेला मराठा खंदक. सात मैलांचा बेत होता, तीन मैलांवर थांबला. १७९९ मध्ये बुजवून सर्क्युलर रोड झाला, म्हणजे आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे.

आणि बागबाजारातच मदनमोहनही आहे! राजा चैतन्य सिंह कर्जात बुडाला तेव्हा त्याने मूर्ती गोकुळ मित्राकडे गहाण ठेवली, ती परत गेलीच नाही असं बागबाजारवाले सांगतात. बिष्णुपूरकरांना हे अर्थातच मान्य नाही.

रिकामटेकडा
एवढं सगळं दोन दिवसांत? आम्ही तर एका दिवसात मुर्शिदाबादसुद्धा जोडून देणाऱ्या टूर बघितल्यात.

बालीगंजकर
@रिकामटेकडा, नकाशा उघडा. मुर्शिदाबाद भागीरथीकाठी, बिष्णुपूरच्या उत्तर-पूर्वेला, मधे अख्खा पूर्व बर्धमान जिल्हा. असली टूर म्हणजे गाडीत बसून बंगाल बघणं.

जोडायचंच तर बांडेल-काटोया लोकलचा मार्ग वेगळ्या दिवशी करा. गुप्तीपाडा, अंबिका कालना, दाँईहाट, काटोया ही सगळी एकाच रुळावर. कालन्यात १०८ शिवमंदिरं (१८०९, बर्धमानचे महाराज तेजचंद्र) दोन वर्तुळांत आहेत: बाहेर ७४, आत ३४. बाहेरच्या वर्तुळात पिंडी एक काळी एक पांढरी अशा आळीपाळीने, आतल्या सगळ्या पांढऱ्या. समोरच राजबाडीच्या आवारात लालजी (१७३९) आणि कृष्णचंद्र (१७५१), दोन्ही पंचवीस शिखरांची, आणि प्रतापेश्वर (१८४९), ज्याचं टेराकोटा बिष्णुपूरपेक्षा दोनशे वर्षांनी धाकटं आहे. आकृत्या जास्त ठसठशीत, पण ओळीतला जोर कमी असं माझं मत. पूजेतली देवळं दुपारी भोगानंतर बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात, म्हणून सकाळची गाडी धरा.

चिंचोका
दुसऱ्या दिवसाबद्दल, म्हणजे कारागिरांबद्दल.

दशावतारी तास (बंगालीत तास म्हणजे पत्ते): ही आपल्या सावंतवाडीच्या गंजिफेची चुलत बहीण. बिष्णुपुरात फौजदार घराणं करतं. पानं १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्का ते दहा. नववा अवतार म्हणून बुद्धाच्या जागी जगन्नाथ येतो, तो लगेच ओळखू येतो. खेळात पहिल्या पाच अवतारांत (मत्स्य ते वामन) दश्शी मोठी, पुढच्या पाचांत एक्का मोठा. हे उलटसुलट लक्षात ठेवणं हेच नवख्याला जड जातं.

करण्याची रीत: जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. दोन्ही बाजूंना खडूमातीचा लेप, वाळला की गोट्याने घोटून गुळगुळीत. मग गोल कापून, रंगवून, पाठीला लाखेचा थर. खळ पातळ झाली तर थर सुटतात, लेप जाड झाला तर वाकवताना तडकतो. विकत घेताना पान डोळ्यासमोर आडवं धरा. कडेला थर फुटलेले दिसले किंवा पान पन्हळीसारखं वाकलं असेल तर ते ओलसर असताना रंगवलंय. पूर्ण संच तयार मिळेलच असं नाही, आधी सांगावा लागतो. दहा राजांचा लहान संच सहज मिळतो आणि चौकटीत लावायला तोच बरा. छापील कागदी नकलाही विकल्या जातात. हाताच्या पानात दोन मासे कधीच एकसारखे नसतात.

पांचमुडा: बिष्णुपूरहून वीसेक किलोमीटर, टोटोने नको, गाडी करा. बांकुड्याचा लांब मानेचा घोडा इथला. आधी मनसा आणि धर्मठाकुर या लोकदेवतांना नवसाचा, दिवाणखान्यात नंतर आला. चार पाय, धड, मान, डोकं हे भाग चाकावर वेगवेगळे फिरवायचे, थोडे सुकल्यावर ओल्या मातीने सांधायचे. कान पानासारखे, शेपूट वेगळी, ती भाजल्यावर खोबणीत बसवायची. अंगावर भोकं दिसतात ती नक्षी नाही. आतली हवा आणि वाफ निघायला वाट नसेल तर घोडा भट्टीत फुटतो. लाल आणि काळा एकाच मातीचे: भट्टीतला धूर बाहेर जाऊ दिला तर लाल, भोकं बुजवून कोंडला तर काळा.

घेताना बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे. कान आणि शेपूट काढून वेगळे बांधायला सांगा. जोडीने देतात, पण एकच मागितला तरी देतात.

खसखस
बालुचरी साडीबद्दल दोन शब्द. नाव मुर्शिदाबादकडच्या बालुचरचं (आजचं जियागंज), विणकाम आता बिष्णुपूरचं. विसाव्या शतकात तिथे नव्याने उभं केलेलं. जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावून विणतात, त्यामुळे पदरावरची चित्रं मागच्या बाजूला सुटे धागे सोडतात. पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते, त्या सवयीने बालुचरी उलटून "हलका माल" म्हणू नका. सुटे धागे कापलेले, घट्ट आणि एकसारखे आहेत का ते बघा. रेशमी धाग्याची ती बालुचरी, जरीची असेल तर स्वर्णचरी. सिल्क मार्कचा टॅग मागा. विणकराच्या घरी माग चालू बघायला मिळतो, पण घरात शिरून भाव करून रिकाम्या हाताने निघणं वाईट दिसतं, आधीच "फक्त बघायला आलोय" म्हणा.

आणि जेवण! बांकुड्यात जाऊन बिर्याणी शोधू नका. कलाईर डाळ (उडदाची, बडीशेप आणि आलं घातलेली) आणि आलू पोस्तो मागा. घरी करायचं असेल तर चौघांना: बटाटे अर्धा किलो, खसखस ५० ग्रॅम, कलौंजी पाव चमचा, हिरव्या मिरच्या चार, सरसूचं तेल तीन चमचे. खसखस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाट्यावर अगदी कमी पाण्यात वाटायची. मिक्सरमध्ये भिजवलेली घातली की पात्याखालून निसटते आणि दाणे तसेच राहतात, म्हणून मिक्सरवाल्यांनी कोरडीच बारीक करून मग पाणी घालावं. तेल धूर येईपर्यंत तापवून थोडं निववा, कलौंजी, बटाटे, पाणी, झाकण. बटाटे शिजले की शेवटी खसखस, पाच-सात मिनिटं मंद आचेवर. लवकर घातली तर तळाला धरते आणि करपट वास सगळ्याला लागतो. हळद नाही, कांदा-लसूण नाही.

परदेशातल्यांसाठी: दुबई, सौदी, सिंगापूरला जाताना सामानात खसखस नेऊ नका. तिथे बंदी आहे, गंमत नाही.

अवलकी
दुर्गापूजेत गेलो तर? कोलकाता बरं की बिष्णुपूर?

बालीगंजकर
मंडप आणि रोषणाई हवी तर कोलकाता. जुनी रीत बघायची तर बिष्णुपूरच्या राजवाड्यातलं मृण्मयीचं देऊळ. बाकी बंगालात पूजा षष्ठीला रंगात येते, इथे आपल्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे आपल्याकडे अविधवा नवमी असते त्या दिवशी सुरू होते. एकेक करून बडो, मेजो आणि छोटो ठाकुराणीचे (थोरली, मधली, धाकटी देवी) पट आणतात. हे पट फौजदारच रंगवतात, तेच तासवाले. मृण्मयीची मातीची मूर्ती विसर्जित करत नाहीत. संधिपूजेला, म्हणजे अष्टमीची शेवटची २४ आणि नवमीची पहिली २४ मिनिटं, तोफ डागतात. वेळ दरवर्षी बदलते, मध्यरात्रीही येऊ शकते, बंगाली पंचांग बघून मुक्काम ठरवा.

दशमीनंतर लगेच निघू नका. द्वादशीपर्यंत रावणकाटा चालतो: लाकडी मुखवटे आणि तागाचे केसाळ पोशाख घातलेले हनुमान, सुग्रीव, जांबुवान, बिभीषण नगाऱ्यावर गल्लोगल्ली नाचतात. द्वादशीला रघुनाथजीच्या देवळाजवळ मातीच्या रावणाचं डोकं तलवारीने उडवतात. जाळत नाहीत. ते झालं की लोक रावणाची माती घरी नेण्यासाठी झुंबड करतात. लहान मुलं बरोबर असतील तर पुढच्या रांगेत उभे राहू नका, चेंगराचेंगरी होते.

रिकामटेकडा
बरं, दोन मुक्काम. पण कोलकात्यात कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती) जोडायची तर कधी?

चिंचोका
महालयाच्या (आपली सर्वपित्री अमावास्या) तीन-चार आठवडे आधी. तेव्हा एकाच गल्लीत सगळ्या पायऱ्या दिसतात: बांबूचा सांगाडा, त्यावर बांधलेला पेंढा, पेंढ्यावर तूस मिसळलेली चिकट माती, वरून रेताड मातीचा पातळ हात, तडे गेले तिथे पातळ चिखलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. रंग अजून व्हायचे असतात. महालयानंतर मूर्ती बाहेर पडू लागतात आणि ट्रकांच्या गर्दीत उभं राहायला जागा नसते. मोठा कॅमेरा असेल तर कारागिरांची संघटना पास देते, तो घ्या. पावसाळी दिवशी जाऊ नका, प्लास्टिकखाली सगळं झाकलेलं असतं आणि ब्लो-टॉर्चने माती वाळवणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते.